कादंबरी वाचून वाड्यात जाताना

दिल्ली दरवाजाने शनिवारवाड्यात शिरलेला नवखा माणूस आत येऊन थबकतो. बाहेरचा थाट त्याच्या डोळ्यांत असतो: अणकुचीदार खिळ्यांचा तो प्रचंड दरवाजा, वरचा नगारखाना, नऊ बुरुजांचा तट. आत मात्र हिरवळ, दगडी जोती आणि कुठेच न पोहोचणाऱ्या पायऱ्या. वाडा नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत तो जळाला, आणि ती आग आठवडाभर धुमसत होती असं सांगतात. गणपती रंगमहाल, आरसेमहाल, हस्तिदंती दिवाणखाना, मेघडंबरी ही नावं तेवढी मागे राहिली.

तरीही या मोकळ्या जागेत माणसं तासन्‌तास रेंगाळतात. एखाद्या जोत्यापाशी थांबतात, हात करून मुलांना काही दाखवतात, आवाज खाली आणतात. दाखवण्यासारखं तिथे काहीच नसतं, मग ती कशाकडे बोट करतात? मी त्यांच्या आसपास उभी राहून ऐकत आले आहे. ती ‘स्वामी’कडे बोट करत असतात. ‘राऊ’कडे करत असतात. वाचलेल्या, दूरदर्शनवर पाहिलेल्या, आईने जेवताना सांगितलेल्या एका घराकडे करत असतात. जळालेला वाडा मराठी माणसाने कागदावर पुन्हा बांधला आहे आणि तो बरोबर घेऊनच तो इथे येतो.

एखाद्या खऱ्या घराण्याच्या घरी जाण्याआधी त्या घराण्यावरची कादंबरी वाचावी की नाही, असा प्रश्न मला वाचक नेहमी विचारतात. इतिहासाचे अभ्यासक असलेले माझे काही स्नेही ठामपणे ‘वाचू नये’ म्हणतात. डोक्यात खोटी चित्रं घेऊन खऱ्या जागी गेलं की खरं दिसेनासं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी मला कळते. तरीही मी वाचूनच जाते आणि इतरांनाही वाचून जायला सांगते. का, ते सांगण्यासाठी हा लेख. पण कादंबरी वाचून गेल्याने काय बिघडतं, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

शनिवारवाड्याच्या बाबतीत कागद आपल्याला काय देतात ते आधी पाहू. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये. पुढे नानासाहेब पेशव्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी दालनं वाढवली, तट उभा केला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातूंनी इंग्रजांचं निशाण या वाड्यावर चढवलं. हे सगळं मोलाचं आहे, पण यातून त्या घरात राहणं कसं होतं हे कळत नाही.

आता १७६१ हे साल घ्या. १४ जानेवारीला पानिपतावर घरातला थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलता सदाशिवराव भाऊ गेले. जूनमध्ये त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब पर्वतीवर वारले. पेशवाईची वस्त्रं मिळाली ती त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला, माधवरावांना, आणि घरात सत्तेची आस असलेला चुलता रघुनाथराव होता सव्वीस वर्षांचा. एका घरातल्या दोन माणसांमध्ये अवघं दहा-अकरा वर्षांचं अंतर. एक वयाने मोठा, दुसरा अधिकाराने. रोज पंगतीला एकत्र, रोज सदरेवर समोरासमोर. शिवाय माधवरावांची आई, गोपिकाबाई, वाईच्या रास्त्यांची लेक, करारी आणि जखमी. हे आकडे पाठ करून येत नाहीत. ते अंगावर यावे लागतात, आणि रणजित देसाईंनी १९६२ साली ‘स्वामी’ लिहून ते आपल्या अंगावर आणले. ‘स्वामी’ला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून माधवराव पेशवे हे मराठी घरांतलं एक माणूस झाले. देसाई पुण्याचे नव्हते, कोल्हापूरकडच्या कोवाडचे. पुण्याच्या या वाड्यापासून दूर असल्यामुळेच त्यांना तो एखाद्या शोकांतिकेचा रंगमंच म्हणून दिसला असावा, असं मला वाटतं.

या कादंबरीने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अंतर. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना माणसाच्या मनात काय काय येऊन जातं, हे दप्तरातला कागद सांगत नाही. धोडपच्या लढाईनंतर, १७६८ साली, माधवरावांनी रघुनाथरावांना याच वाड्यात कैदेत ठेवलं. पुतण्याचं राहतं घर हेच चुलत्याचा बंदिखाना. जोत्यांवरून चालताना ही दोन माणसं एकमेकांपासून किती पावलांवर होती याचा अंदाज घेता येतो आणि पोटात कालवतं. कादंबरी न वाचता आलेला माणूस त्याच जोत्यावर बसून शेंगा खातो आणि उठून जातो. त्यात त्याचा काही दोष नाही, पण तो एका घरातून गेला हे त्याला कळलेलं नसतं.

आता दुसरी बाजू.

शनिवारवाड्यात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच: नारायणरावांना कुठे मारलं? शाळेच्या सहलीतली मुलं हेच विचारतात, त्यांचे शिक्षकही. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, दुपारची वेळ. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ यांचे गारदी पगाराच्या थकबाकीचा कांगावा करत वाड्यात घुसले. माधवरावांचा धाकटा भाऊ, अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव, जीव घेऊन चुलत्याच्या दालनाकडे धावला आणि तिथेच मारला गेला. त्याच्या अंगावर स्वतःला झोकून देणारा चापाजी टिळेकर नावाचा सेवकही तिथेच मेला. चापाजीचं नाव कुणी विचारत नाही. विचारलं जातं ते ‘काका मला वाचवा’ याबद्दल, पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या हाकेबद्दल, आणि रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई हिच्याबद्दल.

आनंदीबाईने चिठ्ठीत ‘ध’चा ‘मा’ केला, ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला ठाऊक असते. ज्या चिठ्ठीत हा फेरफार झाला म्हणतात, ती चिठ्ठी मात्र कुणी दाखवू शकलेलं नाही. कटात रघुनाथरावांचा हात होता, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी भर दरबारात त्यांना दोषी ठरवलं, हे आपल्या इतिहासातलं उजळ पान आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या नाटकांनी, कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी त्या सगळ्या पापाचा भार हळूहळू एका बाईच्या बोरूवर नेऊन ठेवला. पुरुषांच्या सत्तेच्या भांडणाला एक कैकेयी मिळाली की गोष्ट सोपी होते. गोष्ट सांगणाऱ्याला ती सोय हवीच असते.

गुहागरकडच्या ओकांच्या घरातली ही मुलगी. नवरा १७८३ साली कोपरगावला वारला, तेव्हा धाकटा मुलगा पोटात होता. पुढची अकरा वर्षं नजरकैदेत, मुलांना घेऊन, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. शेवट १७९४ साली नाशिकजवळच्या आनंदवल्लीत. आज नाशिक शहर तिथवर पसरलं आहे. कादंबरी वाचून शनिवारवाड्यात येणाऱ्या हजारो माणसांपैकी आनंदवल्लीला किती जातात? तिच्या शेवटच्या वर्षांवर एखादी ताकदीची कादंबरी प्रत्येक वाचनालयात असती, तर जाणाऱ्यांची रीघ लागली असती. लेखकाचं प्रेम जिथे बसतं तिथे वाचकाची पावलं जातात, आणि जिथे बसत नाही तिथलं घर पडतं. हे मी वाईट वाटून लिहिते आहे, कारण मीही वर्षानुवर्षं त्याच पावलांनी चालणाऱ्यांतली आहे.

थेऊरला मात्र जावंच. पुण्याहून सोलापूर रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर. अष्टविनायकांतला चिंतामणी म्हणून गर्दी असते. देवळाचा लाकडी सभामंडप माधवरावांनी बांधला असं मानतात. याच गणपतीच्या ओढीने ते आजारपणात इथे येऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, इथेच गेले. रोग क्षयाचा. त्या रोगाचा जंतू सापडायला अजून एकशे दहा वर्षं लागायची होती. पानिपताच्या पराभवापेक्षाही या तरुणाचा मृत्यू मराठ्यांना अधिक महाग पडला, अशा अर्थाचं मत ग्रँट डफसारख्या ब्रिटिश इतिहासकाराने १८२६ साली नोंदवलं होतं.

‘स्वामी’चा शेवट थेऊरला होतो. ज्याने ती वाचली आहे त्याला त्या देवळाच्या आवारात गप्प बसावंसं वाटतं. मलाही वाटलं. पण मग मी नदीकडे गेले. मुळा-मुठेच्या काठी रमाबाईंचं वृंदावन आहे. माधवरावांच्या मागे त्या सती गेल्या. मूल नाही, ऐन तारुण्यातली मुलगी. कादंबरीत ही घटना दोन जिवांच्या प्रेमाची परिसीमा म्हणून येते, आणि देसाईंची लेखणी इतकी समर्थ आहे की वाचताना आपल्याला दुसरं काही सुचत नाही. नदीकाठी, ऊन डोक्यावर असताना, सुचतं. एक जिवंत बाई जळाली, एवढंच समोर उरतं. तिथे येऊन हळदकुंकू वाहणाऱ्या बाया मी पाहिल्या, आणि त्यांच्या श्रद्धेवर मला काही बोलायचं नाही. पण साहित्यावर बोलायचा मला हक्क आहे. सतीबंदीचा कायदा १८२९ साली झाला, म्हणजे रमाबाईंनंतर सत्तावन्न वर्षांनी. आणि ‘स्वामी’ लिहिली गेली ती त्या कायद्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. तरी त्या चितेभोवतीचं तेज आपण अजून वाचून डोळे पुसतो. घर पाहण्याआधी कादंबरी वाचावी असं मी म्हणते तेव्हा हेही मला अभिप्रेत असतं: पुस्तकाने जे सुंदर केलं, ते प्रत्यक्ष जागी जाऊन तपासता येतं. जागा आपल्याला कादंबरीच्या भारातून सोडवते. ही सोडवणूक न जाणाऱ्याला मिळत नाही, आणि न वाचता जाणाऱ्यालाही मिळत नाही, कारण त्याच्यावर मुळात भारच नसतो.

थेऊरचीच आणखी एक गोष्ट. शेवटच्या दिवसांत माधवरावांनी नऊ कलमांचा एक लेख करून ठेवला. त्यात राज्यावरच्या कर्जाच्या फेडीची काळजी आहे, आईची आहे, काशी-प्रयाग सोडवण्याची घराण्याची जुनी इच्छा आहे. मरणाच्या दारात असलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा सावकारांचे पैसे कसे द्यायचे ते लिहून ठेवतो. कादंबरीतला माधवराव मला आवडतो. पण या लेखातला माधवराव मला जास्त मोठा वाटतो. आणि खरं सांगायचं तर त्या लेखापर्यंत मला कादंबरीनेच नेलं. ‘स्वामी’ वाचली नसती तर जुन्या कागदांतल्या कलमांत मला रस का वाटला असता?

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ सालची. बाजीराव आणि मस्तानी ही जोडी मराठी मनात पक्की झाली ती या कादंबरीने, आणि २०१५ साली तिच्या आधाराने निघालेल्या हिंदी चित्रपटाने ती देशभर नेली. मस्तानीचा शोध घेत माणसं पाबळला जातात, शिरूर तालुक्यात, जिथे तिची कबर आहे. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल आहे. तिथे अर्धवट उजेडात लोक बराच वेळ थांबतात. बाजीरावांची समाधी मध्य प्रदेशात, नर्मदेकाठी रावेरखेडीला. २८ एप्रिल १७४० रोजी तिथेच, मोहिमेवर असताना, चाळिशीच्या आतच त्यांचा देह पडला. तिथपर्यंत जाणारेही आता वाढले आहेत.

मला मात्र ‘राऊ’ वाचून जावंसं वाटलं ते चासला. खेड तालुक्यात, भीमेच्या काठी. बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंचं माहेर. चासकर जोशी हे पैसेवालं सावकार घराणं, आणि बाजीरावांच्या आयुष्यात सावकाराचं स्थान किती मोठं होतं हे ज्याने त्यांची पत्रं वाचली त्याला ठाऊक आहे. सावकारांच्या तगाद्याने जीव नकोसा झाल्याचं त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींना कळवळून लिहिलं होतं. चासला जोशांचा वाडा आहे आणि काशीबाईंनी बांधवलेलं सोमेश्वराचं देऊळ आहे. आवारातल्या दगडी दीपमाळेजवळ उभं राहिलं की समोर नदी दिसते. शनिवारवाड्यात जो निवांतपणा कधी मिळत नाही तो इथे आहे.

काशीबाईंना कादंबरीत काय मिळालं? सोसणं मिळालं. मस्तानीच्या तेजात त्या मंद होत गेल्या. त्यांच्या पायाचं दुखणं खरं होतं. पण त्यांच्या आयुष्यात आणखीही बरंच होतं. बाजीरावांच्या आणि मस्तानीच्या मृत्यूनंतर त्यांचा सहा वर्षांचा मुलगा समशेरबहाद्दर पेशव्यांच्याच घरात वाढला. पुढे तो पानिपतावर लढला, जखमी होऊन वारला, आणि त्याच्या वंशाने बांद्याची नबाबी चालवली. सवतीच्या मुलाला घरात वाढवणारी ही बाई कोण होती, हा प्रश्न मला चासच्या देवळात पडला. कादंबरी वाचताना पडला नव्हता, कारण कादंबरी दुसऱ्याच बाईवर लोभावलेली होती. २०१५ सालच्या चित्रपटात काशीबाईंना नाचताना दाखवलं, तेव्हा बाजीरावांच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतला. त्या वेळी पुष्कळांना तो आक्षेप फाजील वाटला. मला वाटला नाही. तुमच्या आजीच्या आजीला कुणी पडद्यावर नाचवलं, तर तुम्हीही विचाराल की तुम्हाला हे कुणी सांगितलं.

खऱ्या घराण्यांवर लिहिताना लेखकाच्या डोक्यावर हीच टांगती तलवार असते, आणि ती असायला हवी. २०२५ साली शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरून चित्रपट निघाला, तेव्हा शिर्के घराण्यातल्या मंडळींनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाबद्दल हरकत घेतली. कादंबरी १९७९ सालची. पण कादंबरी वाचणाऱ्यांपेक्षा चित्रपट पाहणारे कितीतरी पटीने जास्त. पुरंदरे, रास्ते, पटवर्धन, फडके, शिर्के, जाधव ही आडनावं आजही शाळेच्या हजेरीपटात आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या खलनायकाचं आडनाव लावणारं पोर वर्गात बसलेलं असतं. वाचकाने निदान एवढं तरी भान ठेवावं.

नाना फडणवीसांचं उदाहरण तर सगळ्यांत अवघड. वाईपासून जवळ मेणवलीला त्यांचा वाडा आहे, जवळपास मूळ रूपात उभा, मागे कृष्णेचा घाट. घाटावरच्या देवळापाशी एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळासह मेरीची आकृती आणि १७०७ हे साल कोरलेलं आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयातली ही घंटा. वाड्याचे चौक, भिंतींवरची जुनी चित्रं, लाकडी खांब पाहताना माणूस हरखून जातो. महाराष्ट्रात पेशवेकालीन घर कसं होतं हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने शनिवारवाड्याआधी इथे यावं. इथे छप्पर आहे, काळोखी माजघर आहे, विहिरीचा गारवा आहे.

पण इथे येणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ‘घाशीराम कोतवाल’ पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९७२ सालच्या डिसेंबरात रंगमंचावर आलं आणि त्याने नानांची जी लंपट प्रतिमा उभी केली तिच्यावरून मोठं वादळ उठलं. तेंडुलकर सांगत राहिले की हे ऐतिहासिक नाटक नाही, सत्ता माणसाला कसं वापरून फेकते त्याची ही गोष्ट आहे. माझ्या मते ते त्यांच्या जागी पूर्ण बरोबर होते. घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात होता आणि १७९१ साली लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं, हेही खरं. मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर १८६३ सालीच पुस्तक लिहिलं होतं. पण मेणवलीच्या वाड्यात उभं राहून जो नाटकातला नाना शोधतो, तो चुकीच्या घरी आला आहे.

नानांनी स्वतःचं छोटंसं आत्मचरित्र लिहून ठेवलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यात विशीतही न पोहोचलेला हा मुलगा पानिपतावरून जीव वाचवून कसा परतला, त्या धावपळीत आईचं काय झालं, हे सगळं आहे. स्वतःच्या भीतीची आणि मोहांची कबुलीही आहे. अठराव्या शतकातला एक मराठी मुत्सद्दी स्वतःबद्दल इतकं उघडं लिहितो, याचं मला आजही नवल वाटतं. नाटक पाहून मेणवलीला जायचं असेल तर ही थोडी पानं वाचूनच जा. मग तेंडुलकरांचं नाटक लहान होत नाही आणि नानाही लहान होत नाहीत.

विश्रामबागवाडा शनिवारवाड्यापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ सालचा. १८७९ सालच्या आगीत त्याचं बरंच नुकसान झालं, तरी सुरूच्या आकाराचे कोरीव खांब असलेली त्याची दर्शनी बाजू आजही पाहण्यासारखी आहे. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’त या बदनाम पेशव्याला समजून घ्यायचा प्रयत्न केला. लोकांच्या आवडत्या पेशव्यांची घरं जळून गेली आणि नावडत्याचं उरलं. तिथे थांबून वर पाहणारे मात्र फार कमी.

आता वाचायचं कसं, याबद्दल थोडं. कादंबरीत दोन माणसं बंद दाराआड बोलत असतील आणि तिसरं कुणी नसेल, तर ते बोलणं लेखकाचं आहे असं धरून चालावं. दरबारात, लढाईत, तहाच्या बैठकीत घडलेलं असेल तर त्याचा कागद कुठेतरी असण्याची शक्यता असते, आणि तो शोधण्यासारखा असतो. एवढी एकच खूणगाठ मनाशी बांधली तरी वाचन बदलतं. रमा-माधवाच्या शयनगृहातले संवाद हृदयात ठेवावेत, पण राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ ची, ती पत्रांतून वाचावी. खऱ्या रमाबाईंबद्दल कागद जवळपास मुके आहेत. म्हणून कादंबरीतल्या रमाबाई इतक्या बोलक्या आहेत. लेखक तिथेच घर करतो जिथे दप्तर गप्प असतं.

आणि आपलं दप्तर तसं गप्प नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे मोडीतले रुमाल रचलेले आहेत. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड १९३०च्या दशकात छापून दिले. त्याआधी ग. चि. वाडांनी पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे काढले होते, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्या रोजनिशीवर निबंध लिहून तिच्यात समाजाचं चित्र कसं दडलेलं आहे ते दाखवलं. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आजही पुण्यात आहे. गणपती रंगमहाल कसा दिसत होता हे पाहायचं असेल तर थॉमस डॅनिअलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून रंगवलेलं चित्र आहे. १७९० सालचा तह, गादीवर नारायणरावांचा किशोरवयीन मुलगा सवाई माधवराव, समोर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात, पण छापील प्रती सहज मिळतात. पाच वर्षांनी, १७९५ च्या ऑक्टोबरात, हाच मुलगा याच वाड्यात वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी गेला. तोल गेला की त्याने स्वतःला झोकून दिलं यावर अजून वाद आहे. हे चित्र पाहून गेलं तर ते कोरडं कारंजं नुसतं कारंजं राहत नाही.

शनिवारवाडा सांभाळणाऱ्यांकडे एक मागणी करावीशी वाटते. जोत्यांपाशी दालनांची नावं लिहिलेली असतात. त्याखाली त्या दालनाशी जोडलेल्या एखाद्या अस्सल पत्राच्या दोन ओळी, तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव असावं. नारायणरावांच्या प्रसंगापाशी चापाजी टिळेकरांचं नाव ठळक अक्षरांत असावं. सहलीला आलेल्या मुलांना हाकेची गोष्ट सांगायला कुणी ना कुणी असतंच. चाकराच्या मरणाची गोष्ट सांगायला फलक तरी हवा.

आणि वाचकांकडे एक विनंती. चास, मेणवली, सासवडचा पुरंदरे वाडा ही शनिवारवाड्यासारखी रिकामी स्मारकं नाहीत, त्यांना आजही वारस आहेत. कादंबरी मनात भरून तुम्ही तिथे जाल तेव्हा विचारून आत जा, चपला बाहेर काढा, सांगतील तेवढेच फोटो घ्या. पुस्तकातला अमुक प्रसंग खरा का, तुमच्या पूर्वजाने तमक्याला खरंच दगा दिला का, हे घरातल्या माणसाला दारात उभं करून विचारू नका. त्याची चौकशी करायला पुण्यात दप्तर आहे, आणि त्याचे छापील खंड मोठ्या ग्रंथालयात मागितले तर मिळतात.